मरोद्याचे पाणी, भोपाळची राख आणि अणूची भट्टी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला तो असा : ‘पर्यावरण प्रदूषण, घातक कचऱ्याचे व्यवस्थापन व अणुऊर्जेची सुरक्षा’. मी सचिवांना म्हटले, अहो, हे तर तीन दिवसांचे व्याख्यान झाले. ते म्हणाले, “काका, आरतीच्या आधी पाऊण तास आहे, त्यात बसवा.” आता बसवतो. पण आधीच सांगून ठेवतो, मी शास्त्रज्ञ नाही. नोकरीची सगळी वर्षे पंप, व्हॉल्व्ह आणि नळ यांच्या संगतीत काढलेला माणूस आहे. त्यामुळे अणुऊर्जेकडेसुद्धा मी पंपवाल्याच्या नजरेनेच पाहणार. माझा अनुभव असा की, ही नजर वाटते तेवढी अपुरी नाही.

सुरुवात आपल्या दारातून करू. आपल्यापैकी बहुतेक जण नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आलेले. कुणी वऱ्हाडातून, कुणी थेट पुणे-साताऱ्याहून. नव्या माणसाला मरोदा म्हणजे स्टेशन आणि सेक्टर एवढेच ठाऊक असते. जुन्यांना विचारा, ते म्हणतील मरोदा म्हणजे तलाव. तांदुळा जलाशयाचे पाणी कालव्याने इकडे येते, मरोद्याला साठते आणि इथून कारखान्याला आणि आपल्या नळांना जाते. आपण भिलाईची ओळख सांगताना रूळ सांगतो, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी सांगतो. पाण्याचे नाव कुणी घेत नाही. पण ज्यांनी भट्टीवर काम केले आहे त्यांना माहीत आहे की, भट्टीचा वारा बंद करता येतो, पाणी बंद करता येत नाही. वारा बंद झाला तरी आतला माल तापलेलाच असतो. भट्टीच्या अंगाभोवती पाणी खेळते म्हणून ती उभी राहते. पाणी थांबले तर काय होते हे सांगायला पुस्तक लागत नाही.

पण पाणी थांबल्यावर दुसरेही एक होते, आणि ते आपल्या गावात झाले. १२ जून २०१४ ची संध्याकाळ इथल्या कित्येक घरांना विसरता येणार नाही. मी त्या वेळी निवृत्त झालो होतो. जे वर्तमानपत्रांत आले आणि चौकशीच्या निमित्ताने उजेडात आले, तेवढेच सांगतो. भट्टीतून निघणारा गॅस पाण्याने धुतला जातो, हे आपल्याला माहीत आहे. त्या गॅसमध्ये साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक कार्बन मोनॉक्साइड असतो. पंप हाउस क्रमांक २ मध्ये बिघाड झाला, पाण्याचा दाब उतरला, आणि ज्या नळातून पाणी गॅसकडे जायचे त्याच नळातून गॅस उलटा पंप हाउसमध्ये आला. सहा माणसे गेली. त्यांत दोन उपमहाप्रबंधक होते. म्हणजे ज्यांना गॅसची काहीच कल्पना नाही अशी ही माणसे नव्हती. मदतीला धावलेल्यांनाही गॅसने गाठले, अनेकांना इस्पितळात न्यावे लागले.

मुलांसाठी थोडे सांगतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसते. म्हणून माणूस गुदमरल्यासारखा तडफडत नाही, तो नुसता खाली बसतो. आणि त्याला उचलायला गेलेला दुसराही बसतो.

पंप हाउस ही पाण्याची जागा. तिथे गॅसची भीती कोण बाळगणार? पाण्याने भरलेला नळ हेच गॅसला अडवणारे कुलूप होते, आणि त्या कुलपाकडे कुलूप म्हणून कुणी पाहत नव्हते. पुढे ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन गॅसच्या पाइपलाइनवर काम चालू असताना आग लागली आणि पुन्हा आपल्यातली माणसे गेली. त्या घटनेची कारणे वेगळी. पण दोन्ही वेळा जीव गेले ते नेहमीच्या कामावर असलेल्या माणसांचे.

आता अणुभट्टीकडे येतो.

अणुवीज केंद्राबद्दल लोकांच्या मनात पहिले चित्र अणुबॉम्बचे असते. ते चुकीचे आहे; वीज केंद्राची भट्टी बॉम्बसारखी फुटू शकत नाही, तिच्या इंधनाची जातच वेगळी. तिचा खरा प्रश्न आपल्याला, भिलाईकरांना, लवकर समजेल असा आहे. ती बंद केली तरी गार होत नाही. कोळशाची शेगडी विझवली की आतली धग हळूहळू कमी होते, नवी उष्णता तयार होत नाही. अणुइंधनात साखळी क्रिया थांबवल्यावरही तुटलेल्या अणूंचे तुकडे स्वतःच उष्णता देत राहतात. बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. ऐकायला कमी वाटते. पण ७०० मेगावॅट विजेच्या भट्टीत उष्णता सुमारे २,१०० मेगावॅट तयार होते; तिचे सहा-सात टक्के म्हणजे सव्वाशे-दीडशे मेगावॅट! एका दिवसानंतर ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, तरी दहा मेगावॅट उरतेच. ती काढून नेण्यासाठी पाणी फिरले पाहिजे, पाणी फिरायला पंप पाहिजे, पंपाला वीज पाहिजे. म्हणजे विजेच्या कारखान्याला सगळ्यात मोठा धोका कशाचा, तर वीज जाण्याचा.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये फुकुशिमाला हेच झाले. भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या भट्ट्या नियमाप्रमाणे आपोआप बंद झाल्या. तिथपर्यंत सगळे ठीक होते. पाऊण तासाने त्सुनामी आली, डिझेल जनरेटर आणि विजेची पॅनेले पाण्यात गेली, पंप थांबले आणि तीन भट्ट्यांचे इंधन वितळले. समुद्राकाठी, पाण्याच्या पुरात, पाण्यावाचून भट्टी वितळली!

यापूर्वी अठरा वर्षे असाच प्रसंग आपल्या देशात येऊन गेला होता, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशात नरोरा येथील पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली. जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडला, आग लागली आणि केबल जळत गेल्या. मुख्य वीज आणि राखीव वीज यांच्या केबल पुरेशा वेगळ्या राखलेल्या नव्हत्या. परिणाम असा की सुमारे सतरा तास केंद्रात वीज नव्हती. कामावरच्या माणसांनी भट्टी ताबडतोब बंद केली, नंतर अंधारात आणि धुरात जाऊन भट्टीत बोरॉनचे द्रावण हातांनी सोडले, आणि आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलवरचे पंप सुरू करून वाफयंत्रांना पाणी दिले. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. त्या रात्रपाळीच्या लोकांना आपण कोणी नावाने ओळखत नाही. मला विचाराल तर भारतीय अणुऊर्जेच्या इतिहासात त्या रात्रीला पोखरणइतके महत्त्व दिले पाहिजे. अर्थात माझे मत पंपवाल्याचे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमला समुद्राचे पाणी पंप हाउसमध्ये शिरले, तेव्हा चालू असलेले युनिट सुरक्षित बंद करता आले. फुकुशिमानंतर आपल्या केंद्रांची पुन्हा तपासणी झाली आणि बाहेरून पाणी देता यावे म्हणून भट्ट्यांना वेगळ्या जोडण्या बसवल्या गेल्या. म्हणजे शेवटी सगळे शहाणपण एका नळाच्या तोटीशी येऊन थांबले. बरे झाले.

आता कचऱ्याचा विषय. इथे मला माझीच एक गोष्ट कबूल करायची आहे.

आमची आई सांधेदुखीने बेजार असे. क्वार्टरच्या ओळीत कुणीतरी तिला एक बाटली आणून दिली. म्हणाले, ट्रान्सफॉर्मरचे तेल आहे, रात्री गुडघ्यांना चोळा, उतार पडतो. हसू नका, हॉलमध्ये अशी बाटली माहीत असलेले निदान दहा जण तरी असतील. हा समज आपल्या देशात सगळीकडे आहे, या तेलासाठी गावोगाव ट्रान्सफॉर्मर फोडले गेले आहेत. मी आईवर चिडलो, बाटली हिसकावून घेतली. इथपर्यंत मी शहाणा. मग ती बाटली मी रिकामी कुठे केली? क्वार्टरच्या मागच्या नालीत. मीच, ज्याने कारखान्यात पाण्याच्या नमुन्यांवर सह्या केल्या होत्या.

जुन्या काळच्या काही ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलात पीसीबी नावाचे रसायन असे. ते जळत नाही, सडत नाही, उष्णता सोसते, म्हणून ते वापरले गेले. आणि ज्या गुणासाठी वापरले तोच गुण अंगाशी आला. ते निसर्गात मोडतच नाही, माशांत आणि माणसांच्या चरबीत साठत राहते. अर्धवट जाळले तर डायॉक्सिनसारखी त्याहून भयंकर विषे तयार होतात. भारत सरकारने २०१६ साली आदेश काढून त्याचे उत्पादन व आयात बंद केली आणि पीसीबी असलेली उपकरणे वापरण्यासाठी २०२५ अखेरची मुदत घातली. संयुक्त राष्ट्रांच्या युनिडो संस्थेच्या साहाय्याने देशातले असे तेल नष्ट करण्याचा जो प्रकल्प आखला गेला, त्यासाठी निवडलेली जागा म्हणजे आपले भिलाई इस्पात संयंत्र. माझ्या बाटलीत पीसीबी होते की साधे खनिज तेल, हे मला आता कधीच कळणार नाही. ते गेले नालीतून, जिथे जायचे तिथे.

सगळाच कचरा वाईट नसतो. झोतभट्टीची मळी पूर्वी नुसती डोंगरासारखी टाकली जाई. आज तिच्यापासून स्लॅग सिमेंट होते. जामुलच्या सिमेंट कारखान्याचे नाव आपल्याला माहीत आहेच, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरांच्या भिंतींत तीच मळी उभी आहे. पण कोक ओव्हनमधला डांबराचा गाळ, वापरलेले तेल, आम्लाचे अवशेष, फिनॉल आणि सायनाइड असलेले पाणी हा वेगळा मामला. यासाठी देशात १९८९ पासून घातक कचऱ्याचे नियम आहेत, २०१६ मध्ये ते नव्याने आले. कारखान्याने असा कचरा साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, प्रत्येक खेपेबरोबर रंगीत प्रतींचा कागद जायचा, कुणी दिला, कुणी नेला, कुणी घेतला, सगळ्यांच्या सह्या. नागपूरजवळ बुटीबोरीला असा कचरा शास्त्रीय रीतीने पुरण्याची सोय आहे. नियम चांगले आहेत. पण कागद ट्रकबरोबर जातो, आणि ट्रक रात्री नाल्याकाठी थांबला तर कागदाला बोलता येत नाही.

या बाबतीत भोपाळ सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री आपण सगळे त्याच मध्य प्रदेशचे रहिवासी होतो. तिथे उलटे झाले. जिथे पाण्याचा थेंबही जायला नको त्या टाकीत पाणी शिरले. सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट त्या टाकीत होते. टाकी थंड ठेवणारे यंत्र काही महिन्यांपासून बंद होते, वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. कुलुपे होती, पण एकही लागलेले नव्हते. त्या रात्रीबद्दल आपण बोलतो. मागे उरलेल्या कचऱ्याबद्दल कमी बोलतो. ३३७ टन विषारी कचरा त्या आवारात चाळीस वर्षे पडून होता! जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरमध्ये भरून तो पीथमपूरला नेला, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर आले. जूनअखेर तो जाळून झाला. मग राख उरली, आणि आता राख कुठे पुरायची यावर वाद. पीथमपूरच्या लोकांना मी दोष देत नाही. चाळीस वर्षे जे भोपाळला सुरक्षित ठेवता आले नाही, ते आमच्याकडे सुरक्षित राहील असे सांगणाऱ्यावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

अणुकचऱ्याची व्यवस्था याच्या तुलनेत पुष्कळ शिस्तीची आहे, हे मान्य केले पाहिजे. वापरलेल्या इंधनातून उपयोगी भाग काढून घेतल्यावर उरलेले तीव्र किरणोत्सारी द्रव्य काचेत मिसळून, त्या काचेचे गोळे पोलादी डब्यांत बंद करून ठेवतात. तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम येथे हे काम होते. प्रमाण थोडे, पण मुदत मोठी. त्यातल्या सीझियम-१३७ चे अर्धायुष्य तीस वर्षे. दहा अर्धायुष्ये गेली की त्याचा जोर हजारपटीने उतरतो. म्हणजे तीनशे वर्षे. शिवराज्याभिषेकाला २०२४ मध्ये साडेतीनशे वर्षे झाली. तेवढा काळ कुणीतरी त्या डब्यांवर पहारा द्यायचा! काही द्रव्यांचा हिशेब याहून कितीतरी लांब, हजारो वर्षांचा आहे. एवढी वर्षे एकच राज्य, एकच कार्यालय आणि एकच वही टिकली आहे असे उदाहरण मला इतिहासात सापडत नाही.

आणि वही हरवली तर काय होते? दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली ते दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले जुने गॅमा यंत्र लिलावात भंगारात विकले गेले. आत कोबाल्ट-६० होते. भंगारवाल्यांनी ते तोडले. एकाचा जीव गेला, आणखी काही जणांना गंभीर इजा झाली. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात सोडून दिलेल्या दवाखान्यातले सीझियमचे यंत्र भंगारात गेले, आतली निळी चमकणारी पूड लोकांनी घरी नेली, चार जण दगावले. हे मी मुद्दाम पोलादाच्या गावात सांगतो आहे. पोलाद कारखान्यात पातळी आणि जाडी मोजायला किरणोत्सारी स्रोत वापरतात, शिशाच्या डब्यात बंद असतात म्हणून ते निर्धोक. आणि पोलाद वितळवताना भंगारही पडते. भंगारात असा एक डबा आला आणि भट्टीत गेला, तर अख्खी खेप किरणोत्सारी होते. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले. ते पोलाद भारतातून गेलेले होते. तेव्हा तरुण सहकाऱ्यांनो, डब्यावर तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले तर वजनकाट्याच्या आधी सेफ्टीला फोन करा. अणुकेंद्र छत्तीसगडात एकही नाही, पण अणूचा डबा इथे येऊ शकतो.

आता अणुवीज हवी की नको? देशाच्या विजेत तिचा वाटा सुमारे तीन टक्के, कोळशाचा सत्तरच्या घरात. कोळशाची किंमत आपण कोरब्यात राखेच्या रूपाने पाहतो. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, आणि तिच्यात युरेनियम-थोरियमचाही लवलेश असतो. म्हणून अणुवीज नकोच असे मी म्हणत नाही. पण सुरक्षितता काँक्रीटच्या जाडीवर मोजून संपत नाही. तारापूरला १९६९ पासून वीज तयार होते. नंतरच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावे लागले. जैतापूरला, माडबनच्या सड्यावर, १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्यांची मूळ योजना. २०११ च्या एप्रिलमध्ये तिथे गोळीबारात एक जण गेला. आपल्या शेजारी मंडला जिल्ह्यात चुटक्याला प्रस्तावित केंद्र आहे, आणि तिथे बर्गी धरणामुळे एकदा उठलेली माणसे पुन्हा उठण्याच्या भीतीत आहेत. या लोकांना न्यूट्रॉन समजत नाही असे म्हणणे सोपे आहे. त्यांना आश्वासने समजतात, कारण त्यांनी ती पूर्वी घेतलेली आहेत.

देखरेख कोणाची, हाही प्रश्न. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले, पण ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे त्यांच्याच छत्राखाली. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी त्यावर स्पष्ट ताशेरे मारले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा केला, त्यात मंडळाला कायद्याचा आधार मिळाला आणि खासगी कंपन्यांनाही दार उघडले. ज्याने ‘पंप थांबवा’ म्हणायचे त्याचा पगार पंप चालवणाऱ्याकडून येऊ नये, एवढे मला कळते. नव्या व्यवस्थेत ते कितपत जमते, पाहू.

घड्याळ पाहतो आहे, दोन गोष्टी सांगतो. दुर्गजवळच्या थनौदचे मूर्तिकार शिवनाथच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे गणपती घडवतात. समितीने पुढील वर्षी मातीचीच आणि उंचीने बेताची मूर्ती घ्यावी, अशी माझी सूचना आहे. तिला यंदा विरोध झाला हे मला माहीत आहे. ‘दुसऱ्या सेक्टरची मूर्ती मोठी दिसते’ हे कारणही माहीत आहे.

दुसरी गोष्ट. मी सुचवले की मंडपात एक पेटी ठेवू, घरोघरचे जुने सेल, फुटलेले थर्मामीटर, बंद पडलेले सीएफएल दिवे त्यात जमा करू. एका सीएफएलमध्ये चार-पाच मिलिग्रॅम पारा असतो. कार्यकर्त्यांनी पेटी दोन दिवसांत रंगवून आणली, ती दाराशी आहे. काल एका मुलाने मला विचारले, “आजोबा, पेटी भरली की कुठे न्यायची?” मी तीन ठिकाणी फोन केले. तिघांनीही दुसऱ्याचे नाव सांगितले. पेटी आता अर्धी भरली आहे. हॉलमध्ये पर्यावरण विभागातले आणि नगर प्रशासनातले सहकारी बसले आहेत. आरती झाल्यावर त्यांनी कृपया पाच मिनिटे थांबावे, मी दाराशी पेटीजवळच उभा राहतो.